रिकामी नळी, बंद खिडकी : युरोपच्या गॅस-नियामकांना खुलं पत्र

प्रति,
ऊर्जा नियामक सहकार संस्था (एसर), ल्युब्लियाना
एन्टसॉग (गॅस-नळ्या चालवणाऱ्या वाहक कंपन्यांची युरोपीय संघटना), ब्रुसेल्स
आणि युरोपीय आयोगाचा ऊर्जा विभाग

सप्रेम नमस्कार.

मी व्हिएन्नात राहते. एका छोट्या गॅस व्यापारी कंपनीत शेड्युलिंगच्या टेबलावर बसते. उद्या सकाळी सहापासून परवा सकाळी सहापर्यंतच्या गॅस-दिवसात कुठल्या गिऱ्हाइकाचा किती गॅस कुठल्या सीमेवरून जायचा हे ठरवायचं, आणि त्यासाठी नळीतली जागा आज घेऊन ठेवायची, हे माझं काम. एप्रिल 2013 मध्ये प्रिस्मा या नळीतली जागा विकणाऱ्या ऑनलाइन मंचावर लिलाव सुरू झाले, त्याच वर्षी मी कामाला लागले. म्हणजे तुमचे नियम आणि माझी नोकरी साधारण एकाच वयाची.

तुमच्या खुल्या सल्लामसलतींना कंपनीच्या वतीनं आम्ही इंग्रजीत उत्तरं देतोच. हे पत्र माझं स्वतःचं आहे, म्हणून माझ्या भाषेत लिहिते आहे. शिवाय ते माझ्या माणसांनीही वाचावं असं मला वाटतं. मी मूळची अलिबागजवळच्या थळची. बाबा तिथल्या खत कारखान्यात होते. युरिया गॅसपासून होतो हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. 2022 साली तुमच्या सीमांवर जे अडलं त्याची झळ समुद्र ओलांडून आमच्याकडे कशी आली, ते पुढे लिहीनच.

आधी श्रेय द्यायला हवं, कारण ते मनापासून आहे.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या जुन्या माणसांकडून मी पूर्वीच्या गोष्टी ऐकल्या आहेत. सीमेवर नळी एकच, पण तिचे मालक दोन. अलीकडच्या मालकाकडे जागा मागायची एका अर्जावर, पलीकडच्याकडे दुसऱ्या. एकाकडे वर्षाची जागा मिळायची, दुसऱ्याकडे तीनच महिन्यांची. एक म्हणायचा हमीची, दुसरा म्हणायचा ‘जमलं तर देऊ, नाहीतर तोडू’. दोघांचा गॅस-दिवसही वेगळ्या तासाला उजाडायचा. मध्ये फक्त एक लोखंडी जोड, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन जगं. छोट्या कंपनीनं या भानगडीत पडायचंच नाही, अशी ती व्यवस्था होती. मोठ्या कंपन्यांचं मात्र बरं चाललं होतं. दीर्घ मुदतीची आरक्षणं त्यांच्या खिशात होती आणि नळ्याही बऱ्याचदा त्यांच्याच घरच्या होत्या. 10 जानेवारी 2007 रोजी आयोगाच्या स्पर्धा विभागानं ऊर्जाक्षेत्राच्या चौकशीचा अहवाल दिला, त्यात हे सगळं स्वच्छ लिहिलेलं आहे. त्यानंतरच्या चार वर्षांत आरडब्ल्यूई या जर्मन कंपनीला जर्मनीतलं आपलं गॅस-जाळं विकायला काढावं लागलं, तिथल्याच ई.ऑनला जागा मोकळी करण्याचं वचन द्यावं लागलं आणि इटलीच्या एनी कंपनीला ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि जर्मनीतून इटलीकडे येणाऱ्या नळ्यांमधला हिस्सा सोडावा लागला.

मग 2009 चा जानेवारी. रशिया आणि युक्रेन यांच्या भांडणात 7 तारखेपासून जवळजवळ दोन आठवडे युक्रेनमार्गे येणारा गॅस पूर्ण बंद. ऐन थंडीत बल्गेरियातली घरं गारठली, स्लोव्हाकियात कारखाने थांबले. गॅस तेव्हा पश्चिमेकडे होता. साठवणीत होता, नॉर्वेहून येत होता. पण नळ्या पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहण्यासाठी बांधलेल्या. उलटं ढकलायला सोय नाही, आणि उलट्या दिशेची जागा कुणाकडे, कुठल्या दरानं मागायची हेही कुठे लिहिलेलं नाही. घागरी भरलेल्या आणि शेजारच्या घरात घसा कोरडा, असं ते दृश्य होतं.

त्याच वर्षी तिसरं ऊर्जा पॅकेज, म्हणजे युरोपच्या सामायिक ऊर्जा-बाजाराच्या कायद्यांचा तिसरा संच, आला आणि तुम्ही कामाला लागलात. ऑगस्ट 2011 मध्ये एसरनं चौकट आखली, मार्च 2012 मध्ये एन्टसॉगनं मसुदा दिला, ऑक्टोबर 2013 मध्ये तो 984/2013 या क्रमांकाचा कायदा झाला, आणि 1 नोव्हेंबर 2015 पासून तो लागू झाला. 2017 मध्ये त्याची जागा 2017/459 नं घेतली. मसुद्यांवर तेव्हा किती भांडणं झाली असतील याची मला कल्पना आहे. दोन डझनांहून जास्त देश, प्रत्येकाचा नियामक, प्रत्येकाचे वाहक. ब्रिटनला तर आपला गॅस-दिवस सकाळी सहाऐवजी पाचला सुरू करावा लागला, आणि त्यांच्या समुद्रातल्या उत्पादकांनी त्यावर तक्रार केली. तरीही आज स्पेनपासून बाल्टिकपर्यंत माल तोच आहे : वर्षाची, तिमाहीची, महिन्याची, दिवसाची आणि दिवसाच्या आतली जागा. दोन्ही बाजूंची जागा एकाच जुडीत मिळते. एकूण क्षमतेतला किमान पाचवा हिस्सा लांबच्या मुदतीला विकायचा नाही, पुढे येणाऱ्यांसाठी राखायचा, असंही बंधन आहे. माझ्या कंपनीसारख्या कंपनीला हे दार तुम्ही उघडून दिलंत. आम्ही पंधरा माणसं आहोत आणि रोज साडेचार वाजता, दुसऱ्या दिवसाच्या जागेच्या लिलावात, युरोपातल्या कुठल्याही बलाढ्य कंपनीच्या रांगेत त्याच नियमानं उभे राहतो. हे मी कधी विसरणार नाही.

यापुढे जे लिहिणार आहे ते त्या दारातून रोज आत येणारीची तक्रार आहे, असं समजा.

2021 च्या हिवाळ्याआधी जगभरचे व्यापारी एक विचित्र गोष्ट शिकले. दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी पुढच्या महिन्याच्या जागेचा लिलाव असतो, हे तोवर आमच्यासारख्या टेबलावरच्या माणसांनाच माहीत असायचं. त्या शरद ऋतूत ते वार्ताहरांनाही तोंडपाठ झालं. पोलंडमधून जर्मनीत येणाऱ्या यामल मार्गावर, माल्नोच्या सीमेवर, रशियाचा जुना पारगमन करार मे 2020 मध्ये संपलेला. त्यापुढे जागा लिलावातूनच घ्यायची होती. तिसरा सोमवार आला की सगळे पडद्याकडे बघत बसायचे : गाझप्रॉम ही रशियाची सरकारी गॅस कंपनी किती घेते? ती थोडीच घ्यायची, किंवा घ्यायचीच नाही, आणि त्याच दुपारी भाव उसळायचे. 21 डिसेंबरला माल्नोतला प्रवाह उलटला. गॅस जर्मनीकडून पोलंडकडे जायला लागला.

त्या दिवसांत मला पहिल्यांदा एक शंका आली, आणि ती अजून गेलेली नाही. तुमचा नियम एक गृहीत धरून लिहिलाय : जागा कमी आहे, मागणारे फार आहेत, तेव्हा वाटप न्यायानं व्हावं. तो काळ तसाच होता, म्हणून ते बरोबरही होतं. पण ज्याच्याकडे गॅस आहे त्यालाच तो पाठवायचा नसेल, तर लिलाव ही फक्त त्याच्या मनातलं जगाला सांगणारी घंटा ठरते. आणि प्रवाह एका हिवाळ्यात उलटला, तर पाच-पाच, दहा-दहा वर्षं आधी विकून ठेवलेली जुन्या दिशेची जागा निव्वळ कागद होते, तर नव्या दिशेला माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात. 2022 मध्ये अगदी हेच झालं. त्या वसंतात ब्रिटनच्या बंदरांत द्रवरूप गॅसची इतकी जहाजं लागली की तिथला भाव कोसळला. खाडीपलीकडे बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये भाव आकाशाला. मध्ये समुद्राखालच्या दोनच नळ्या, दोन्ही तुडुंब. ऑगस्टमध्ये नेदरलँड्सच्या टीटीएफ बाजारात भाव मेगावॉट-तासाला 300 युरोच्या वर गेला. त्या दोन भावांमधला फरक ज्याच्याकडे नळीतली जागा होती त्याच्या पदरात पडला.

मला त्या वर्षातला एक लिलाव सांगायचाय. सीमेचं नाव सांगत नाही, कंपन्यांचं नाही, कारण दोष कुणा एकाचा नव्हता.

आमचं एक गिऱ्हाईक काचेच्या बाटल्या करायचं. काचेची भट्टी विझवता येत नाही. विझली तर आतली काच थिजते आणि भट्टीच मोडून काढावी लागते. त्यांच्यासाठी पुढच्या महिन्याची जागा हवी होती. तिसऱ्या सोमवारी सकाळी लिलाव उघडला. तुमच्या नियमाप्रमाणे महिन्याचा लिलाव ‘चढत्या घड्याळा’चा असतो : पहिली फेरी तीन तासांची, मागणी जास्त निघाली की किंमत एक पायरी वर, मग तासाची विश्रांती, मग तासाची पुढची फेरी. मागणी देऊ केलेल्या जागेइतकी उतरेपर्यंत घड्याळ चढत राहायचं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मागणी उतरली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी नाही. किमतीच्या पायऱ्या छोट्या ठेवलेल्या, आणि सीमेच्या दोन बाजूंच्या भावांतला फरक मात्र डोंगराएवढा. तिथे पोचायला आणखी कितीतरी फेऱ्या लागणार हे आम्हाला दुसऱ्याच दिवशी आकडेमोड करून कळलं होतं. पण फेरी सोडता येत नाही. एक फेरी चुकली की बाहेर. म्हणून आम्ही पाळी लावली. मी जेवायला गेले की माझा सहकारी बटण दाबायचा, तो मुलीला पाळणाघरातून आणायला गेला की मी. असं महिनाअखेरीपर्यंत चाललं.

आणि मग तुमच्या नियमातलं ते कलम लागू झालं. त्याच काळातल्या जागेच्या पुढच्या लिलावाची वेळ आली आणि आधीचा संपलेला नसेल, तर आधीचा बंद करायचा, आणि जागा कुणालाच द्यायची नाही. सगळी जागा पुढच्या लिलावाकडे. म्हणजे रोजच्या साडेचारच्या लिलावात, एकेक दिवसासाठी.

ज्या जागेला सर्वांत जास्त मागणी होती, ती जागा मागणी जास्त होती म्हणून कुणालाच मिळाली नाही. काचवाल्यांच्या व्यवस्थापकाला मी फोनवर हे समजावून सांगत होते. तो शांतपणे ऐकून घेत होता. शेवटी त्यानं विचारलं, ‘म्हणजे जागा आहे?’ मी म्हटलं, आहे. ‘आणि आमच्याकडे पैसे आहेत?’ आहेत. ‘मग महिनाभर रोज संध्याकाळी पाच वाजता मला कळणार, उद्या भट्टी चालेल की नाही?’ मला काही उत्तर देता आलं नाही. तो महिना आम्ही रोजच्या रोज जागा घेऊन काढला. भट्टी विझली नाही. त्याचं बिल मात्र मी आजही कुणाला दाखवू शकणार नाही असं होतं.

म्हणून माझी पहिली मागणी या एका कलमाबद्दल आहे. लिलाव वेळेत संपला नाही, तर शेवटच्या फेरीतल्या किमतीला जे उभे आहेत त्यांच्यात जागा मागणीच्या प्रमाणात वाटून टाका. कुणाचं समाधान पूर्ण होणार नाही, पण प्रत्येकाला महिन्याचा थोडा तरी पाया मिळेल. नाहीतर महिन्याच्या लिलावालाही रोजच्यासारखीच पद्धत लावा : सगळ्यांनी एकदाच बोली लावायची आणि सगळ्यांना एकच किंमत. रोजच्या लिलावात अर्ध्या तासात जे निपटतं, त्याला महिन्याच्या लिलावात दहा दिवस का लागावेत? 2024 मध्ये एसरनं नियम सुधारण्याची शिफारस आयोगाकडे पाठवली, ते काम आता आयोगाच्या हाती आहे. ते करताना ही काचभट्टी डोळ्यासमोर ठेवा.

आता विकल्या गेलेल्या पण न वापरलेल्या जागेबद्दल. हा विषय माझ्या जवळचा आहे, कारण तो मला समजला तो रेल्वेत.

माझं आजोळ संगमेश्वरचं. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांचं आरक्षण उघडल्या मिनिटात संपतं, हे मुंबईतल्या कुठल्याही घरात विचारा. आई आम्हाला घेऊन आरएसीच्या तिकिटावर निघायची, म्हणजे अर्ध्या बाकावर. पनवेल गेलं की टीसी यादी घेऊन यायचा. ज्याचं आरक्षण आहे तो बसलेला नसेल, तर थोडं थांबून त्या नावावर काट मारायचा आणि ती जागा आरएसीवाल्याला द्यायचा. तिथे आईचा चेहरा उजळायचा. न आलेल्या माणसाचे पैसे गेले, त्याबद्दल तिला वाईटही वाटायचं. पण गाडी भरून जायची. रात्रभर रिकामा बाक आणि दाराशी वळकटीवर बसलेलं म्हातारं माणूस, असं चित्र टीसी नीट असेल तर दिसायचं नाही.

तुमच्याकडेही तसा टीसी आहे. 2012 च्या ऑगस्टमधल्या आयोगाच्या निर्णयानं अडकलेल्या जागेसाठी उपाय सांगितले : न वापरलेली जागा परत करायची मुभा, फार काळ न वापरल्यास काढून घेणं, थोडी जास्त जागा विकून गरज पडल्यास परत विकत घेणं, आणि ‘वापरा नाहीतर सोडा’ हा दिवसाआधीचा नियम. पण हे उपाय देशागणिक वेगळे आहेत. जर्मनी आणि ऑस्ट्रियानं दिवसाआधी सोडायला लावणारा मार्ग धरला, इतर अनेकांनी जास्त विकून परत घेण्याचा. एका सीमेच्या दोन बाजूंना दोन टीसी, दोघांची यादी वेगळी. शिवाय जिथे चांगला टीसी आहे तिथेही तो गाडी सुटायच्या आदल्या दिवशीच येतो. काचवाल्याला, कागद कारखान्याला, एखाद्या गावाच्या घरं गरम ठेवणाऱ्या संस्थेला दिवसाआधीची जागा उपयोगी पडते, पण तिच्यावर कुणी कारखाना चालवत नाही. मोठ्या आरक्षणवाल्यानं पुढच्या आठवड्याचा अंदाज आधीच कळवायचा आणि जी जागा तो वापरणार नाही ती आठवड्यासाठी मोकळी करायची, असं बंधन घालणं अवघड नाही. त्यांचे हवामानाचे अंदाज आमच्यापेक्षा चांगले असतात.

आणि जी जागा लिलावात कुणीच घेतली नाही तिचं काय? ती पुढच्या लिलावापर्यंत कुलपात. तिसऱ्या सोमवारी जागा शिल्लक राहिली आणि त्या शुक्रवारी मला तिची गरज लागली, तर खिडकी बंद. जागा आहे, दर ठरलेला आहे, घेणारी उभी आहे, तरी विकायचं नाही, कारण वेळापत्रकात नाही. वाण्याच्या दुकानात माल असेल तर तो दुपारी चारलाही देतो. लिलाव संपल्यावर उरलेली जागा मूळ दरानं, येईल त्याला, पहिला आला त्याला पहिली, अशी विकायला काय हरकत आहे? टंचाई असेल तर लिलाव करा. टंचाई नसेल तर फक्त विका.

पैशाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. टंचाईच्या दिवसांत लिलावात मूळ दरावर जी चढती रक्कम मिळते ती आम्ही भरतो, आणि आमच्यामार्फत बाटलीवाला, पाववाला आणि शेवटी दुकानात जाणारं माणूस भरतं. दरांचे नियम सांगतात की ही रक्कम वेगळ्या खात्यात जावी, आणि नियामकानं ठरवलं तर ती अडचण दूर करायला किंवा पुढचे दर कमी करायला वापरता येते. ‘ठरवलं तर’ हा शब्द काढा. 2022 मध्ये ज्या सीमांवर घशात अडकल्यासारखं झालं, त्याच सीमांवर तो पैसा आधी खर्च व्हायला हवा होता. मी राहते त्या देशात जर्मनीहून येणारी वाट ओबरकापेलला अरुंद होती, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कुठे नळी रुंदवायची हे बाजारानं चढ्या किमतीनं सांगितलं होतं, तेही अगदी नेमक्या ठिकाणी बोट ठेवून.

ओबरकापेल म्हटलं की दुसरी एक गोष्ट आठवते, आणि ती आठवली की आजही मला राग येतो. ऑक्टोबर 2022 पासून जर्मनीनं साठवण भरायला झालेला खर्च वसूल करण्यासाठी एक अधिभार लावला. तो देशाबाहेर जाणाऱ्या गॅसवरही सीमेवर घेतला जायचा. 2024 च्या उत्तरार्धात तो मेगावॉट-तासाला 2.50 युरो झाला होता. म्हणजे रशियन गॅस सोडा असं एका हातानं सांगायचं आणि ऑस्ट्रिया, चेकिया, स्लोव्हाकिया पश्चिमेकडून घेऊ लागले की दुसऱ्या हातानं नाक्यावर पावती फाडायची. आमच्या महाराष्ट्रात जकात होती. नाक्यावर ट्रकांच्या रांगा मी पाहिल्या आहेत, आणि ती बंद झाली तेव्हा व्यापाऱ्यांनी सोडलेला सुस्काराही ऐकलेला आहे. तुम्ही वाटपाचे नियम एक केलेत, गॅस-दिवस एक केलात, माल एक केलात, आणि तरी एका सरकारला सीमेवर एकट्यानं नाका उभारता आला. 1 जानेवारी 2025 पासून सीमेवरची ती वसुली बंद झाली, हे चांगलं झालं. पण पुढच्या वेळी कुठलंही सरकार हे करू शकणार नाही, असं तुमच्या सामायिक नियमात लिहून ठेवलेलं मला हवं आहे.

नाका नसला तरी दरावर दर चढतातच. दक्षिणेकडून उत्तरेला गॅस न्यायचा तर प्रत्येक देशाच्या प्रवेशाला एक दर आणि बाहेर पडायला एक. ग्रीसपासून युक्रेनपर्यंत जायचं तर बल्गेरिया, रुमानिया आणि मोल्दोव्हा वाटेत लागतात. 2025 मध्ये या पाच देशांच्या वाहकांनी एकत्र येऊन सबंध वाटेचं एकच सवलतीचं तिकीट काढलं, ‘रूट 1’ नावाचं, आणि मे महिन्यात जूनसाठी त्याचा पहिला लिलाव झाला. त्यासाठी त्यांना नियामकांकडून खास परवानगी घ्यावी लागली. माझं म्हणणं असं की हे अपवाद म्हणून का करायचं? 1 जानेवारी 2025 ला युक्रेनमार्गे रशियन गॅस येणं थांबलं, आणि पूर्वेकडून येणाऱ्या वाटांवर बांधलेला अर्धा नकाशा त्या दिवशी जुना झाला. नव्या वाटा तीन-चार देश ओलांडूनच येणार आहेत. मुंबईहून कोल्हापूरला जाणाऱ्याला पुण्याला उतरवून दुसरं तिकीट काढायला कुणी लावत नाही.

खिडक्यांबद्दल थोडक्यात. जागा विकणारे मंच तीन : लाइपझिगचं प्रिस्मा, पोलंडचं जीएसए आणि हंगेरीचं आरबीपी. माल्नोची जागा कुठे विकायची यावर जर्मनी आणि पोलंडचं एकमत होईना. एसरनं 2018 मध्ये एक निवडलं, त्यावर अपील झालं, तो निर्णय रद्द झाला, आणि 2019 मध्ये एसरनं हंगेरीचं आरबीपी निवडलं. जर्मनी आणि पोलंड यांच्यातली जागा हंगेरीच्या खिडकीवर. त्यात चुकीचं काही नाही, ती खिडकी चांगली चालते. पण मला तीन पासवर्ड, तीन सुरक्षा-कार्डं, तीन ठिकाणच्या पतहमी आणि तीन प्रकारच्या फायली सांभाळाव्या लागतात. मंच तीन राहू देत. प्रवेश मात्र एकाच ओळखीनं व्हावा, आणि पतहमी एकदाच द्यावी लागावी. पंधरा माणसांच्या कंपनीतलं एक अख्खं माणूस नुसतं हेच करतं.

आता थळबद्दल.

2022 च्या उन्हाळ्यात मी घरी फोन केला की बाबा आधी विचारायचे, ‘अगं, तुमच्याकडे भाव काय आज?’ जेवलीस का, ते नंतर. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण भट्टीचं तापमान विचारावं तसं ते गॅसचा भाव विचारायचे. युरोपनं त्या वर्षी मिळेल त्या किमतीला जहाजं ओढून घेतली. ‘गेल’ या भारताच्या सरकारी गॅस कंपनीला रशियन कंपनीच्या आधीच्या युरोपीय शाखेकडून करारातली जहाजं मिळेनाशी झाली आणि तिनं देशातल्या खत आणि पेट्रोकेमिकल कारखान्यांचा गॅस कमी केला. बांगलादेशानं जुलैमध्ये खुल्या बाजारातली खरेदीच थांबवली, आणि ढाक्यात वीज जायला लागली. यातला बराच भाग युद्धानं घडवला, तुम्ही नाही. पण काही भाग असाही होता की गॅस ब्रिटनच्या किनाऱ्यावर होता, स्वस्त होता, आणि नळीच्या तोंडाशी अडला. ज्या बंदरात गॅस स्वस्त झाला तिथून तो आत जाऊ शकला असता, तर युरोपनं पुढच्या जहाजासाठी एवढी किंमत मोजली नसती. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हणजे व्हॉल्व्ह बंद होता म्हण ना.’ कारखान्यातल्या माणसाला एवढंच कळतं, आणि मला वाटतं तेवढं पुरेसं आहे.

शेवटची गोष्ट हायड्रोजनची. 2024 च्या नव्या नियमावलीनं हायड्रोजनच्या जाळ्यासाठी वेगळी संघटना उभी करायला सांगितलं आणि त्यांचेही वाटपाचे नियम येतील. ते लिहायला बसाल तेव्हा पहिली दहा वर्षं सगळी जागा मोजक्या मोठ्या कंपन्यांना लांबच्या मुदतीनं देऊन टाकायचा मोह होईल, कारण नळ्या बांधायला हमी लागते. हमी द्या. पण आमच्यासारख्यांसाठी राखलेला वाटा पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि न वापरलेली जागा परत घेणारा टीसीही पहिल्या दिवसापासून नेमा. 2007 चा अहवाल पुन्हा लिहायची वेळ येऊ देऊ नका.

मागच्या वसंतात मी बाउमगार्टनला गेले होते. व्हिएन्नाच्या पूर्वेला, मार्च नदीच्या अलीकडे, सपाट शेतांच्या मधोमध ते गॅस-स्थानक आहे. 1968 मध्ये सोव्हिएत गॅस ऑस्ट्रियात आला तो इथेच. आजूबाजूला शतावरीचे वाफे होते. काढणीवाल्या बायका वाकून काम करत होत्या, त्यांच्यातली एक रोमानियन बाई मला म्हणाली की पूर्वी इथे घरघर जास्त ऐकू यायची. कुंपणापलीकडे जाड नळ्या जमिनीतून वर येऊन पुन्हा जमिनीत जात होत्या. पन्नासहून जास्त वर्षं गॅस इथे मुख्यतः एकाच दिशेनं आला. आता काही दिवशी तो इथूनच उलटा, स्लोव्हाकियाकडे जातो. तो कुठल्या दिवशी किती जाईल, हे आदल्या दुपारी साडेचार ते पाचच्या मध्ये ठरतं, मी आणि माझ्यासारखे काहीजण पडद्यासमोर बसलेले असताना.

त्या अर्ध्या तासाच्या आधीचा सबंध महिना तुम्ही आमच्यासाठी उघडून द्यावा, एवढीच विनंती आहे. सुधारित नियमाचा पुढचा मसुदा येईल तेव्हा मी तो पहिल्या दिवशी वाचेन, आणि सगळ्यात आधी न संपलेल्या लिलावाचं कलम बघेन.

आपली विश्वासू,
एक गॅस-शेड्युलर
मूळ थळ, अलिबाग, सध्या व्हिएन्ना